मुठीचा वाटा

खोली काय माझ्या बापाची न्हवती, हे मला बी कळतंय. सरकारची खोली, सरकारचा तांदूळ, सरकारचंच भगुलं. पर तेरा वर्सं ज्या खोलीत मी रोज साठ-सत्तर लेकरांची खिचडी शिजवली, तिथून मला अर्ध्या दिवसात भाइर काढलं अन् कुनी एका शब्दानं इचारलं न्हाई. हे मला लागलं. लागलं ते लागलं, मी काय देवमानूस न्हाई.

मी गोजरबाई. गंगाखेडच्या अलीकडं फाट्यावर यष्टीतून उतरलं की तीन किलोमीटर आत आमचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा हाय, सातवीपस्तोर. तिथं मी अन् धुरपताबाई खिचडी शिजवतो. घरी ल्योक सुग्रीव, सून सविता अन् नात निकिता. दिवाळी झाली की ल्योक-सून ऊस तोडाया जातेत, होळीला माघारी येतेत. तवर निकिता माझ्यापाशी. सहावीला हाय. जिभंनं माझ्यावर गेलीय, असं सविता म्हनती, अन् ते खरं हाय.

होळीच्या आधी एका सकाळी हेडमास्तर शिवकांत सर फटफटीवरून उतरले ते डोक्यावरचं हेल्मेट न काढताच माझ्या खोलीच्या दारात आले. परभनीहून रोज येतेत. कपाळाला इभूतीचे तीन पट्टे, ते घामानं इस्कटलेले. हातात कागूद.

"गोजरबाई, मंजूर झालं! आठ संगणक. अन् इंटरनेट. सगळा खर्च शासन देणार आहे."

"बरं झालं की, सर. चहा ठिवू का?"

"चहा राहू द्या. खोली दाखवायची आहे. मार्च संपायच्या आत. पक्की खोली, न गळणारी, लोखंडी दार, वीज. नाही तर मंजुरी रद्द, मशिनी दुसऱ्या शाळेला जाणार."

असं म्हनत म्हनत सर माझ्या खोलीची भित बघायले, मंग छत बघितलं, मंग दाराची कडी वाजवून बघितली. शाळेला वर्गाच्या तीन खोल्या हायेत, तिन्हीवर पत्रे, तिन्ही गळत्यात. सिलॅपची येकच, माझी. मी डाळ धुवायली होते, ती तशीच हातात धरून उभी ऱ्हाइले.

"तुम्हाला बाहेर लिंबाखाली सोय करून देऊ," सर म्हनले अन् गेले बी.

सोय म्हंजे काय, तर तीन धोंडे. ग्यास भाइर टिकंना. शिमग्याचं वारं सुटलेलं, जाळ लागला की फूस करून इजायचा. मंग सर म्हनले, सरपन वापरा. तांदळाची पोती सरांनी हाफिसातल्या लोखंडी कपाटात ठिवली, कुलूप घालून. रोज सकाळी मी अन् धुरपताबाई हाफिसाच्या दारात हुबं ऱ्हायचं, सर मापून देनार, आमी पदरात घेनार. तेरा वर्सं माझ्या हातानं माप घेत आलते मी. एक दाना कधी घरी नेला न्हाई.

धुरपताबाई म्हनली, "काय करतीस गोजरे, शिकायची लेकरं मोठी का आपुन?"

"लेकरं उपाशी शिकनार हायेत का?" मी म्हनले. तिनं तोंड फिरीवलं. तिला भांडन जमत न्हाई.

आता एक गोष्ट सांगते, तिला हसायचं तर हसा. त्या खोलीच्या कोपऱ्यात उंदरांचं बीळ होतं. बारके न्हवं, चांगले जाडजूड. मी रोज खिचडी शिजली की लेकरांच्या आधी पहिली मूठ त्या बिळापाशी ठिवायची. माझ्या सासूनं शिकीवलेलं. ती दान्याच्या कनगीपाशी असंच करायची. म्हनायची, ज्यांचं घर त्यांचा वाटा आधी टाक, मंग ते पोत्याला तोंड लावत न्हाईत. धुरपताबाई मला चिडवायची, "काय गं, जावई पोसायलीस का?" पोसते की, म्हनायची मी. अन् तेरा वर्सांत माझं एक पोतं कुरतडलं न्हाई. शेजारच्या गावच्या शाळेत निम्मा तांदूळ उंदरं खायची.

होळी झाली. सुग्रीव-सविता कारखान्यावरून आले. सुग्रीवच्या तळहाताची साल निघालेली, सविताच्या पायाला पाचटानं चिरा. दोन दिवस नुसते झोपले. तिसऱ्या दिवशी सरांनी सुग्रीवला खोलीच्या कामाला बोलीवलं. गिलावा करायचा, चुना मारायचा, फरशी सपाट करायची. सुग्रीव लय खूश. ऊस तोडन्यापरीस सावलीतलं काम.

मी लिंबाखालून बघत होते. कोपऱ्यात बिळाशी गेला अन् सिमेट कालवायला लागला तशी मी उठून गेले.

"ते बीळ बुजवू नगंस, सुग्रीव."

"माय, सरांनीच सांगितलंय. संगनकाच्या खोलीत बीळ ठिवतेत का?"

"आतले कुठं जातील मंग?"

"जातील कुठं बी. तू बी ना माय, लयच करतीस." त्यानं थापी मारली. बीळ बुजलं. वरून चुना मारला. भिंतीवर निळ्या अक्षरात 'संगणक कक्ष' लिव्हलं. मी ते वाचलं न्हाई, मला वाचता येत न्हाई, निकितानं वाचून दाखीवलं. दोनदा दाखीवलं.

मशिनी आल्या त्या दिवशी निम्मं गाव शाळेत. परभनीहून टेम्पो आला, त्यात खोकी. खोक्यांवर कुनी हात ठिवला की सर वरडायचे. संगं एक तारावाला मानूस आलता. त्यानं भितीला खालच्या अंगाला यंत्रानं भोक पाडलं अन् त्यातून भाइरची तार आत घेतली. तार बोटायेवढी अन् भोक मनगटायेवढं. मी म्हनले, "आवं दादा, ते भोक भरा की मागून." तो म्हनला, "भरतेत मावशी, सिमेटवाले येतेत." कोनी आलं न्हाई.

निकिताची तर झोपच उडाली. सकाळी माझ्याआधी उठायची. सर शाळा सुटल्यावर चार-पाच लेकरांना घेऊन बसायचे, त्यात ही पयली. पंदरा दिवसात मराठीत लिव्हायला शिकली. घरी आली की परातीत पीठ पसरायची अन् त्याच्यावर बोटानं टकटक करायची. "हे क, हे ख, आजे, इथं दाबलं की माझं नाव येतं." सविता भाकरी करायला बसली की म्हनायची, ऊठ, ते पीठ खायचं हाय. सुग्रीव हसायचा. एक दिवस तो मजुरी सोडून खिडकीपाशी हुबा ऱ्हाऊन बघत होता, पोरगी मशीन कशी चालवती ते. घरी येऊन मला म्हनला, "माय, आपली पोरगी उसात न्हाई जानार." बस, एवढंच. मंग बाजंवर जाऊन पडला.

आता तुमी म्हनाल, मंग म्हातारे तुला काय दुखलं? दुखलं, बाबा. पोरीसाठी मन भरून यायचं अन् खोलीकडं बघितलं की पोटात जळायचं. दोन्ही एकाच दिवसात. वाऱ्यानं खिचडीत धूळ पडायची, लेकरांच्या दातात करकर वाजायची. उन्हात बसून माझं डोकं ठनकायचं. अन् त्या खोलीत पंखा लावला, मशिनीला गरम व्हतंय म्हनून! तेरा वर्सं मी त्या खोलीत भट्टीपाशी बसले, कुनाला पंखा सुचला न्हाई.

झाडायचं काम तरी माझ्याकडंच ठिवलं. सकाळी सर किल्ली द्यायचे, मी चपला भाइर काढून आत झाडायची.

एप्रिलात शाळा सकाळची झाली. तपासनी सोमवारी ठरली. तालुक्याचे, जिल्ह्याचे साहेब येनार, चालू हाय का बघनार, मंगच मशिनी शाळेच्या नावावर कायमच्या. न्हाई तर उचलून दुसरीकडं. सरांनी हे गावात सगळ्यांना सांगितलं व्हतं, लेकरांना बी पाठ झालं व्हतं.

शुक्रवारी मी झाडायला गेले अन् तिसऱ्या टेबलाखाली लेंड्या दिसल्या. वाकून बघितलं तर तारंची काळी साल सोललेली, आतून लाल-पिवळं दिसायलं. भुकेली होती बिचारी. बीळ बुजीवलं, वाटा बंद केला, पोती लोखंडात कोंडली, मंग काय खानार? अन् आत यायला वाट तर त्या तारावाल्यानंच करून दिलती. त्या भोकाच्या कडेला उंदराचे केस चिकटलेले.

सांगायचंच हे मनाशी ठरवून मी भाइर आले. सर वर्गावर होते. म्हनलं, खिचडी चढवते अन् मंग सांगते. चूल पेटीवली. त्या दिवशी वारं उलटं होतं. धूर सरळ संगनकाच्या खिडकीत जायला. मी फुंकनी घालून जाळ लावायले, तेवढ्यात सर वर्गातून धावत आले.

"गोजरबाई! अक्कल आहे का? आत लाखांच्या मशिनी आहेत! धूर गेला तर काय करायचं?"

"सर, वारं..."

"तुमचं नेहमी काही ना काही असतंच! पहिल्या दिवसापासून तुमच्या पोटात दुखतंय, मला दिसत नाही का?"

लेकरं वर्गाच्या दारात येऊन हुबी. निकिता बी. पानी प्यायला आलेली दोन-तीन मानसं हुबी. सरांनी पान्याच्या पिपाजवळची भरलेली बादली उचलली अन् माझ्या चुलीवर वतली. छस्स झालं. वली राख उडून भगुल्यात पडली.

तेरा वर्सांत माझी चूल कुनी इजवली न्हवती. बाईमानसाच्या चुलीवर पानी वततेत का? सरांना बी कळलं असावं, ते बादली तिथंच ठिवून आत गेले.

जे सांगायचं होतं ते माझ्या जिभंवर होतं. मी ते गिळलं. मनात म्हनले, जाऊ दे मसनात. तुमी लय शिकलेले ना, तुमी बघा.

शाळा सुटायच्या वक्ताला लेकरांनी अर्धीकच्ची खिचडी खाल्ली.

शनिवारी सनाची सुट्टी, रविवारी शाळा बंद. रविवारी निकितानं शाळेचा ड्रेस धुतला, तांब्यात चुलीतला इस्तू घालून इस्त्री केली. म्हनली, "आजे, मीच सुरू करनार हाय. सरांनी मला निवडलंय. आधी शाळेचं नाव लिव्हायचं, मंग मशिनीतून परभनीच्या साहेबासंगं समोरासमोर बोलायचं. ते तिथं, मी इथं. मी म्हननार, नमस्कार, माझं नाव निकिता सुग्रीव." अन् माझ्यापुढं हात जोडून म्हनून दाखीवलं.

मी सुग्रीवचा फोन घेतला. म्हनलं, सरांना लाव. त्यानं लावून दिला. घंटी वाजायली. एकदा वाजली, दोनदा वाजली. मला ती बादली दिसायली. मी फोन खाली ठिवला. सुग्रीवनं इचारलं, काय काम होतं? मी म्हनले, काय न्हाई, उद्या किती लेकरांचं शिजवायचं ते इचारायचं होतं.

हे मीच केलं. दुसऱ्या कुनी न्हाई.

सोमवारी जीप आली. दोन साहेब अन् एक म्याडम. सरांनी नवा सदरा घातलेला. हार, नारळ, सगळं. सुग्रीव मजुरीला न जाता खिडकीपाशी हुबा. मी लिंबाखाली. चूल पेटीवली न्हवती, तपासनी होईस्तोर पेटवू नका असा हुकूम.

साहेबांपुढंच सुरू करायचं म्हनून सकाळपासून मशिनीला कुनी हात लावला न्हवता. निकिता पयल्या मशिनीपुढं बसली. बटन दाबलं. काळं. सर पुढं झाले, त्यांनी दाबलं. काळं. दुसरी, तिसरी, चौथी. कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डब्याचा हिरवा दिवा लागायचा, तो बी न्हाई. साहेबांच्या डायवरनं टेबलाखाली वाकून तार ओढली, तर तुकडा हातात आला.

"हे काय, सर?" म्याडम म्हनल्या. आवाज बारीकच होता. "खोलीत उंदीर आहेत तुमच्या. हे असं शासनाचं सामान ठेवता?"

सर काय तरी बोलायले, मला ऐकू आलं न्हाई. त्यांची इभूती घामानं भिवईत उतरली होती. निकिता खुर्चीवरून उठली न्हवती. दोन्ही हात तसेच, बोटं अक्षरांवर ठिवलेली. मला वाटलं, आता उठून रडंल. ती रडली न्हाई. हाताकडं बघत ऱ्हाइली.

आठ दिवसांनी टेम्पो आला. खोकी भरली. मशिनी ओढ्यापल्याडच्या शाळेला गेल्या, पाच किलोमीटर. सुग्रीवनंच खोकी उचलून दिली, मजुरी घेतली न्हाई. टेम्पो गेल्यावर सर वऱ्हांड्याच्या पायरीवर बसले. खिशातून किल्ली काढली.

"घ्या. तुमची खोली."

मी हात पुढं केला न्हाई. त्यांनी पायरीवर ठिवली.

"तीन वर्षं अर्ज करत होतो, गोजरबाई," सर म्हनले. "त्या दिवशी मी चुकलो. चुलीचं. मला रात्रभर..." मला वाटलं भुई फाटावी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खोली मला परत भेटली. पक्की, चुना मारलेली, वर पंखा. तो न्यायचा इसरले. निळ्या अक्षरांखाली मी चूल... चूल कशाची, ग्यास ठिवला. खिचडी शिजली. पयली मूठ भरली अन् कोपऱ्यात गेले तर हात पुढं होईना. तशीच भगुल्यात टाकली.

त्या दिवशी घरी निकितानं इचारलं. भाकरी मोडून तशीच ठिवलेली. "आजे, झाडायला तूच जायचीस. तुला दिसलं न्हाई?"

सविता म्हनली, "आगं, म्हातारीला काय दिसतंय टेबलाखालचं?" सुटायला वाट होती मला.

"दिसलं होतं," मी म्हनले. "शुक्रवारीच दिसलं. मी सांगितलं न्हाई."

सुग्रीव ताट सारून भाइर गेला. त्या दिवसापासून निकिता माझ्यासंगं कामापुरतं बोलायली. कामापुरतं म्हंजे, तिच्या आईकडं बघून. "आजीला सांग पानी तापलंय." शाळेत ताट घेऊन यायची ती धुरपताबाईपुढं. धुरपताबाई वाढायची अन् माझ्याकडं चोरून बघायची. मला काय म्हननार? भोगायचं होतं ते भोगायले.

उन्हाळा असाच गेला. जूनात शाळा भरायच्या आधी निकिता बापाला म्हनली, "मला पल्याडच्या शाळेत घाला."

"पाच किलोमीटर हाय, पोरी. रोज चालशील?"

"चालंल."

"ओढा हाय मधी. येकटी कशी जाशील?"

"मी सोडते," मी म्हनले. "सकाळी सोडते अन् इकडं येऊन खिचडी चढवते." निकितानं आईकडं बघितलं, पर न्हाई म्हनली न्हाई.

पयल्या दिवशी आमी दोघी ऊन चढायच्या आत निघालो. ती पुढं, मी मागं. पायाखाली नांगरलेली ढेकळं. तासभर चाललो. ओढा कोरडाच होता. शाळेत पोचलो तर लेकरं प्रार्थनेला रांगंत लागायली होती. ती पळत जाऊन रांगंत हुबी ऱ्हाइली. मला माघारी फिरायचं होतं, गावात साठ लेकरं वाट बघनार.

मी फिरले न्हाई. संगनकाची खोली हुडकली. खिडकीतून बघितलं, आमचीच खोकी, आमच्याच मशिनी. शेजारीच खिचडीची खोली, तांदळाचा वास यायला. भितीला खालच्या अंगाला बघितलं. तेच भोक, मनगटायेवढं, तार बोटायेवढी. त्याच मानसानं पाडलं असनार.

तिथल्या हेडमास्तर पंकजा म्याडम. हजेरी हातात घेऊन चाललेल्या. मी आडवी गेले.

"म्याडम, ते भोक बुजवून घ्या. उंदरं तारा खातेत."

"तुम्ही कोण? पालक ना? गेटबाहेर थांबा, आजी. प्रार्थना चालू आहे."

"थांबते. पर ते भोक..."

"कंपनीचा माणूस येईल, तो बघेल. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? जा तुम्ही."

सगळी रांग माझ्याकडं बघायली. निकिता बी. आगीसारखं तोंड भाजलं माझं. अशा वक्ताला मी पाठ फिरवनारी बाई, आयुष्यभर तेच केलं.

"मला खिचडी शिजवायचं कळतं, म्याडम, अन् उंदराचं कळतं," मी म्हनले. "तुमी प्रार्थना घ्या."

अन् भितीपाशी जाऊन बसले. उकिरड्याच्या कडंला फुटकी बाटली पडलेली, ती धोंड्यानं ठेचली. बारीक काच केली, उंदीर काचंला तोंड लावत न्हाई. भुईतली काळी माती कोरली, काच तिच्यात मिसळली. माती सुकी, गोळा होईना. थुंकून काय होनार? बोटं कापली, रगत आलं, मी भोकात दाबतच ऱ्हाइले. पाठीमागं प्रार्थना संपली. म्याडम "आहो आजी, आहो" करत यायल्या ते ऐकू आलं.

तेवढ्यात बाजूला सावली पडली. निकिता. रांगंतून निघून आलती. हातात तिच्या पान्याची बाटली, झाकन उघडलेली. माझ्याजवळ उकिडवी बसली अन् मातीवर पानी वतलं.

"आजे, येवढं पुरं का?"

"आनखी थोडं वत," मी म्हनले.